विज्ञानकथेतल्या संस्कृतीत निसर्गपूजा, मंत्रतंत्र, अंगात येणं दाखवलं तर ती विज्ञानकथा राहते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर माणसांची वसाहत आहे, दहा-बारा पिढ्या उलटल्या आहेत आणि तिथली संस्कृती तुम्हाला पेगन, म्हणजे निसर्गातल्या शक्तींना पूजणाऱ्या वळणाची दाखवायची आहे. डोंगराची, वाऱ्याची पूजा, भगत, मंत्र, अंगात येणं असं सगळं. मित्रांचे आक्षेप दोन आहेत. एक, मग ती विज्ञानकथा राहत नाही. दोन, आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालतो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, राहते. विज्ञान लेखकाला माहीत असावं लागतं, पात्रांनी ते बोलून दाखवायला हवं असं काही नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याच्याकडे पुढे येते.

मी नाशिकला भौतिकशास्त्र शिकवते. माझं लहानपण कळवण तालुक्यात गेलं, वडील तिथे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यामुळे हा विषय माझ्या दोन्ही अंगांना लागून आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी एक वाट टाळा. प्रगत तंत्रज्ञान जादूसारखंच दिसतं, हे आर्थर क्लार्क यांचं म्हणणं धरून बरेच जण असं लिहितात की पुजारी ज्या मूर्तीपुढे मंत्र म्हणतो ती शेवटी जुन्या यानाचा संगणक निघते. वाचकाला हे तिसऱ्या पानावर कळतं आणि मग उरलेल्या कथेत तो समाज बावळट दिसत राहतो. दहा पिढ्या परक्या ग्रहावर तगून राहिलेली माणसं बावळट नसतात.

खंडेनवमीला सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारं यंत्र, आदल्या दिवशीच धुऊनपुसून काढलेलं असतं, आतला चुरा काढून तेलपाणी झालेलं असतं. चकवर हळदकुंकवाची बोटं, पॅनलला झेंडूचा हार, समोर नारळ. हे करणारा ऑपरेटर एरवी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, हत्याराचं माप भरतो. हारामुळे मशीन अचूक चालतं का, असं विचारलंत तर तो हसेल. पण पूजा न करताच मशीन सुरू कर म्हणालात तर त्याचा हात अडेल. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या उड्डाणाआधी इस्रोचे शास्त्रज्ञ यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुमलाला गेले होते. तुमच्या वसाहतीतली हवाशुद्धीचं यंत्र सांभाळणारी बाई अशीच असेल. तिला गाळणीचं गणित पाठ असेल आणि वर्षातून एकदा ती त्या यंत्राला हात जोडेल. या दोन गोष्टींचं भांडण तिच्या डोक्यात नसेल, ते बाहेरून आलेल्याला दिसतं.

आता मुद्द्याचं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या पट्ट्यात आपल्या वसुबारसेच्या दिवशी वाघबारस असते. शिवारात वाघदेव असतो. लाकडाचा किंवा दगडाचा उभा खांब, त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले. गुराखी तिथे जमतात, नैवेद्य होतो आणि वाघाला सांगणं असतं की आमच्या गुरांना धरू नकोस. यात वाघाला कुणी चांगला म्हणत नाही आणि संपवायचीही भाषा नाही. तो शेजारी आहे, जिवावर उठू शकतो, तेव्हा त्याचं देणं त्याला देऊन एकाच रानात राहायचं. जादू खरी की खोटी हा प्रश्न घेऊन बसलात तर कथा तिथेच अडकेल. या लोकांचं देणं कुणाला आहे, ते कोण फेडतं आणि फेडलं नाही तर काय होतं, हे ठरवा. देणं कुणाला, याचं उत्तर मात्र त्या ग्रहाच्या विज्ञानातूनच यायला हवं. तुमची विज्ञानकथा तिथे आहे.

उदाहरण म्हणून आपला सगळ्यात जवळचा तारा घेऊ, प्रॉक्झिमा सेंटॉरी, साधारण ४.२ प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवतीचा ग्रह २०१६ मध्ये सापडला. त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं. ताऱ्याच्या इतका जवळ असल्याने त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे अर्ध्या ग्रहावर कायमचा उजेड, अर्ध्यावर कायमचा अंधार आणि वस्ती मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात. तिथे सूर्य उगवतच नाही, तेव्हा उगवत्या सूर्याला अर्घ्य देणारं कुणी नसणार. तो क्षितिजाशी लालसर होऊन टेकलेला. कक्षा थोडी लांबट धरलीत तर तो जागच्या जागी थोडा डोलेल आणि एक डोलणं म्हणजे एक वर्ष. सगळ्या सावल्या कायम एकाच दिशेला, अंधाराकडे. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. तिथे सावलीची दिशा मृतांची होणं अगदी स्वाभाविक आहे. मेलेल्याचं डोकं कुठे करायचं, घराचं दार कुठे ठेवायचं, सगळं त्यावरून ठरेल. जमिनीलगतचा गार वाराही त्याच अंधाराकडून येणार. तो वारा अंगात घेणारा भगत मला लगेच दिसतो.

आणि हा तारा भडकणारा आहे. अधूनमधून त्याचा स्फोटक भडका होतो. भडक्याचा उजेड आणि अतिनील किरण ग्रहावर पंचवीसेक सेकंदांत पोहोचतात, त्यातून सुटका नाही. पण त्याच्यामागून कधी विद्युतभारित कणांचा लोट निघाला, तर त्याचा मुख्य मारा पोहोचायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात गुहेत शिरलं तर जीव वाचतो. म्हणजे कुणीतरी ताऱ्यावर सतत नजर ठेवायला हवी. आता सप्तशृंगी गडाचा चैत्रोत्सव आठवा. शिखरावर ध्वज लावायचा मान एका घराण्याकडे आहे. रात्रीच्या वेळी त्या घरातला माणूस तो उभा कडा चढतो. हाच मानाचा प्रकार तिथे न्या. नजरेचा मान एका घराण्याचा. त्या घरातलं एक मूल ताऱ्याकडे बघायला बसतं, भडका दिसला की थाळ वाजवतं आणि सगळी वस्ती गुहेत जाते. वर्षानुवर्षं अतिनील किरण झेलून त्याच्या डोळ्यांत ऐन तरुणपणी मोतीबिंदू उतरतो. मग त्याला देवानं नजर घेतली म्हणून पूजतात आणि धाकट्या भावंडाला त्याच्या जागी बसवतात. हे कुणी दुष्टपणे करत नाही. त्या आईलाही तो मानच वाटतो, आणि रात्री तिला झोप लागत नाही.

गुहेत काय होतं, तेही सांगते. आमच्याकडे मार्गशीर्षात कोकणा लोकांचा डोंगऱ्यादेव असतो. व्रत धरलेले लोक, त्यांना माउल्या म्हणतात, घर सोडून खळीवर, म्हणजे व्रतासाठी मांडलेल्या जागी राहतात, गोल धरून नाचतात, पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, शेवटी पौर्णिमेच्या सुमारास गडावर जातात. मला लहानपणापासून ओढ थाळगानाची, म्हणजे थाळीच्या सुरावर गायच्या कथेची. काशाची थाळी, तिच्या मध्यात मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली काडी. कथाकार चिमटीत काडी धरून वरून खाली बोटं ओढतो आणि थाळीतून अखंड घुमणारा सूर निघतो. त्या सुरावर तो रात्रभर कथा गातो. देवांची, धान्याची, धान्यदेवी कणसरीची. मध्ये कुणी पेंगलं तरी कथा थांबत नाही.

समजा तुमच्या वसाहतीत कणांचा मारा चालू असेपर्यंत गुहेत अशी कथा गायली जाते, आणि कथा संपेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही हा दंडक आहे. एकही कडवं गाळलं तर कथाकाराला दोष लागतो. पहिल्या पिढीत कुणीतरी मोजून ती लांबी ठरवली असेल, आता ते कुणाच्या लक्षात नाही. वाचकाला हे समजेल, पात्रांना समजायची गरज नाही. पण सगळंच असं उपयोगाचं करू नका, ही माझी कळकळीची विनंती. प्रत्येक विधीच्या पोटात एक सुरक्षेचा नियम लपवलात तर जादूच्या नावाखाली तुम्ही कारखान्याची नियमपुस्तिका लिहाल. वर्कशॉपमधली तेलपाण्याची गोष्ट कामाची आहे, झेंडूचा हार नाही, आणि हाराशिवाय खंडेनवमी होत नाही. त्या कथेत एक नदी असू द्या, जी तिथे कुणी पाहिलेली नाही. एक कडवं असं असू द्या ज्याचा अर्थ कुणालाच लागत नाही, तरी तिथे आलं की सगळे उभे राहतात.

पंचांगाचंही भांडण घाला, त्यात फार मजा आहे. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा गुरू सिंह राशीत आला की भरतो. मागचा २०१५ चा, पुढच्याची मुख्य स्नानं २०२७ मध्ये. आपण बारा वर्षांनी म्हणतो, पण गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची. तो फरक साचत जातो आणि कधीतरी एक वर्ष कमी करावं लागतं. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये, अकराव्या वर्षीच झाला तो यामुळेच. तुमच्या ग्रहावर असा घसरलेला सण आला तर एक गट म्हणेल आकाश बघा, दुसरा म्हणेल मोजणी पाळा. शैव आखाडे त्र्यंबकला आणि वैष्णव रामकुंडावर स्नान करतात, तसे त्या वस्तीचेही दोन घाट होतील. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असू द्या.

आता अंधश्रद्धेचा आक्षेप. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण एका खगोलशास्त्रज्ञ विज्ञानकथाकाराला तो मान मिळाला याचा मला फार आनंद झाला होता. याच नारळीकरांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून मूल हुशार की गतिमंद ते सांगायचं होतं. उत्तरं बरोबर आली ४६ टक्के, छापा-काट्याने येतील त्याहून थोडी कमीच. तुमच्या कथेत असं मोजणारं कुणीतरी ठेवा, आणि ते त्याच संस्कृतीतलं असू द्या, पृथ्वीवरून आलेला शहाणा पाहुणा नको. तुकोबांनी नवसांवर सडकून टीका केली ती भक्तीच्या आतूनच. नजरेच्या घराण्यातली एखादी मुलगी भिंतीवर रेघा ओढत बसेल. भगताने अंगात आल्यावर सांगितलेले भडके किती, खरे झाले किती. तिला कळेल की भाकितं निम्मीसुद्धा बरोबर येत नाहीत. कथेची लांबी मात्र दर वेळी बरोबर ठरते. मग काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हा तिचा पेच तुमच्या कथेचा कणा होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. भडका बघायचा राहिला आणि माणसं मेली तर दोष कुणाच्या माथी येईल? ऑगस्ट २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला, डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला, आणि त्यानंतरही महाराष्ट्रात बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या येत राहिल्या. त्या बहुतेकदा एकट्या, विधवा, जमिनीचा तुकडा नावावर असलेल्या बायका असतात. देवाचं देणं थकलं की वसुली सगळ्यात दुबळ्या माणसाकडून होते. तुम्ही भगताचा साज, मशालींचा उजेड आणि थाळीचा नाद रंगवलात आणि ही बाई गाळलीत, तर मित्रांचा आक्षेप खरा ठरेल. तिला कथेत जागा द्या, नाव द्या, बोलू द्या.

वाघदेव, कणसरी, डोंगऱ्यादेव ही नावं मात्र जशीच्या तशी उचलू नका. ती आज पूजली जाणारी दैवतं आहेत आणि ती पूजणारी मुलं माझ्या वर्गात बसतात, स्पर्धा परीक्षा देतात, मार्गशीर्षात रजा टाकून गावाकडे जातात. रचना समजून घ्या, नावं तुमच्या ग्रहाच्या मातीतून घडवा.

यंदा मार्गशीर्षात कळवण-सुरगाण्याकडे जाता आलं तर आवर्जून जा. ओळखीच्या माणसाला घेऊन जा, खळीच्या आत जायच्या आधी चपला बाहेर काढा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि कथाकाराला मध्येच अर्थ विचारू नका. सकाळी चहाच्या वेळी तो निवांत असतो, तेव्हा विचारा.