कोणता व्हिडिओ गेम पैसे देऊन घेण्यासारखा आहे, हे कसं ठरवता?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण कहाणी माझीच वाटली. नोकरी लागून वर्ष झालं, गेमिंगचा लॅपटॉप घेतला, महिन्याला हजारभर रुपये गेमसाठी बाजूला काढता, सेलमध्ये १५ गेम घेतले आणि खेळलात २. आता विचारताय, घेण्यासारखा गेम ओळखायचा कसा.

त्या १३ न खेळलेल्या गेमांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मी सोलापूरचा. लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या एका दुकानातून टीव्हीला जोडायच्या गेमची पिवळी कॅसेट हट्टाने घेतली होती. वर छापलेलं, '९९९९ इन १'. घरी येऊन मी आणि शेजारचा मित्र यादी खाली खाली नेत बसलो. पहिले चार-पाच गेम खरे. पुढे तेच, नाव बदलून. कुठे काँट्रा तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे मारिओ जास्त उंच उडी मारतो. आम्ही आयुष्यभर काँट्राच खेळलो. सेलमध्ये १५ गेम घेणं हा त्याच कॅसेटचा प्रकार, फक्त या वेळी आकडा तुम्ही स्वतः छापलाय.

म्हणून माझं पहिलं सांगणं, नवीन गेमचा रिव्ह्यू बघायच्या आधी ते २ गेम बघा. ते का खेळून झाले? छोटे होते? गोष्ट होती? मित्र सोबत होता? याचं उत्तर कुठल्याच यूट्यूबवाल्याकडे नाही.

मी सूत व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो, त्यामुळे सवयीने गेमचीही वही ठेवलीय. नाव, किती रुपयांना घेतला, किती संध्याकाळी उघडला, संपवला की नाही. एवढंच. वर्षभराने वही उघडली आणि माझी मलाच लाज वाटली. मी मित्रांत 'मला मोठे ओपन वर्ल्ड गेम (मोठ्या जगात हवं तिकडे भटकायचे) आवडतात' असं सांगत फिरायचो. वहीत मात्र संपलेले सगळे गेम तीन ते दहा तासांचे. पोर्टल २ आठ-नऊ तासांत संपला, इनसाइड तर चारच्या आत. आणि रेड डेड रिडेम्प्शन २? चांगली सूट बघून घेतला, त्याच्या १५० जीबीसाठी लॅपटॉपवरचे लग्नाचे व्हिडिओ हार्डडिस्कवर हलवले (बायकोला अजून सांगितलेलं नाही), तीन संध्याकाळी खेळलो. त्या गेमची सुरुवात बर्फाच्या डोंगरात होते. माझा घोडा अजून बर्फातच उभा आहे. गेम उत्तम आहे, यात वाद नाही. पण तो पन्नास तासांचा आणि माझ्याकडे रात्रीचा एक तास.

हा एक तास कसला असतो तेही सांगतो, कारण गेम निवडताना हेच कोणी विचारत नाही. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते रात्री बाराला येईल की दोनला, हे कोणी सांगू शकत नाही. पाण्याच्या रात्री जागावंच लागतं. माझं निम्मं गेमिंग त्याच जागरणात झालंय. कानात एकाच बाजूचा हेडफोन, दुसरा कान नळाकडे. खळखळ ऐकू आली की सगळं टाकून पळायचं, मोटर लावायची, हौद भरला की टाकी, टाकी भरली की पिंपं. अशा वेळी एल्डन रिंग खेळत असाल तर मेलात, कारण त्यात साधं पॉजचं बटण नाही. ऑनलाइन मॅचमध्ये तर चार जण शिव्या घालतात. म्हणून माझ्या वहीत घ्यायच्या आधीचा पहिला प्रश्न असतो, 'मध्येच उठता येतं का?' कुठेही सेव्ह होतो की ठरावीक जागी पोचेपर्यंत अडकून पडायचं, हेही बघतो.

तुमच्याकडे पाणी २४ तास येत असेल, पण काहीतरी येतच असेल. आईचा फोन, रडणारं बाळ, शिफ्ट, रूममेट. आपल्या संध्याकाळी जे येतं त्याच्याशी जमणारा गेम घ्यावा. स्टारड्यू व्हॅली आमच्या घरात टिकला तो याच कारणाने. त्यातला एक दिवस साधारण १४ मिनिटांत मावळतो, झोपलं की सेव्ह. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक दिवस होतो. आता तो माझ्यापेक्षा बायकोच जास्त खेळते. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चार-साडेचार वर्षं खपून तो केला, २०१६ मध्ये आला, आणि २०२४ मध्येही त्याला फुकट नवा भाग जोडून मिळाला. पैसे वसूल म्हणायचं तर हा.

'तासाला किती रुपये पडले' हा हिशोब बरेच जण करतात. मी हिशोबनीस असूनही सांगतो, तो करू नका. शंभर तासांच्या गेममधले साठ तास इकडची लाकडं तिकडे नेण्यात जात असतील, तर तो स्वस्त कसला? भाकरीबरोबर शेंगाचटणी चमचाभरच घेतो आपण, किलोचा भाव काढून नाही खात.

आता वेळ. म्हणजे गेम कधी घ्यायचा. पहिल्या दिवशी कधीच नाही, आणि प्रीऑर्डर तर मुळीच नाही. डिजिटल दुकानातला माल संपत नसतो, मग आगाऊ पैसे कशाला? सायबरपंक २०७७ आठवा. १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या प्लेस्टेशनवर इतका मोडका की सोनीने आठवडाभरातच स्वतःच्या दुकानातून काढून टाकला, तो परत आला जून २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर तोच गेम लोक डोक्यावर घेऊ लागले. थांबलेल्याला चांगला गेम कमी पैशात मिळाला. नो मॅन्स स्कायचंही तसंच, २०१६ ला शिव्या, नंतर वर्षानुवर्षं फुकट अपडेट. काँकॉर्ड या ऑनलाइन गेमची तऱ्हा आणखी वेगळी. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद! लोकांना पैसे परत मिळाले, पण दोन आठवडे म्हणजे आमच्याकडच्या पाण्याच्या तीन-चार पाळ्या फक्त.

मीसुद्धा एकदा एका मोठ्या नावाच्या गेमची प्रीऑर्डर केली होती, सोबत सोनेरी चिलखत फुकट म्हणून. चिलखत मिळालं. गेम दर वीस मिनिटांनी बंद पडायचा. नाव सांगत नाही, आता तो सुधारला असेल.

सेलच्या '८० टक्के सूट'वर जाऊ नका, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले भाव नोंदवणाऱ्या स्टीमडीबी साइटवर जाऊन त्या गेमचा किमतीचा आलेख बघा. वर्षातून चार वेळा त्याच भावाला येत असेल तर आज घेतला नाही म्हणून काही बिघडत नाही. स्टीमचा उन्हाळ्याचा सेल जूनच्या शेवटी, हिवाळ्याचा डिसेंबरात, हे ठरलेलं असतं. माझा नियम साधा आहे. आज रात्री सुरू करणार असेन तरच पैसे द्यायचे. 'पुढे कधीतरी खेळू' असं मनात आलं की तो विशलिस्टमध्ये. यूपीआयने दोन सेकंदांत पैसे जातात ना, म्हणून हात बांधून ठेवायला काहीतरी नियम लागतोच.

रिव्ह्यूंबद्दल. आकडा शेवटी बघा. स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूसोबत लिहिणारा किती तास खेळलाय ते दिसतं. अर्ध्या तासात 'मास्टरपीस' म्हणणारा आणि ९०० तास खेळून 'घेऊ नका' लिहिणारा, दोघंही माझ्या कामाचे नाहीत. मी आठ-पंधरा तासवाले, नापसंतीचे रिव्ह्यू आधी वाचतो. त्यात तक्रार काय आहे ते बघायचं. 'फारच संथ आहे, नुसतं चालायचं' असं कोणी चिडून लिहिलं असेल तर माझ्यासाठी ती जाहिरातच. ताजे रिव्ह्यू आणि एकूण रिव्ह्यू यांत मोठा फरक असेल तर मध्ये काय झालं ते शोधा. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ वर लाल, म्हणजे नापसंतीच्या रिव्ह्यूंचा पाऊस पडला, तो सोनीचं अकाउंट जोडायची सक्ती केली म्हणून. गेम काल होता तसाच होता. काही दिवसांत सोनीने सक्ती मागे घेतली. यूट्यूबवर मी बडबड नसलेला व्हिडिओ लावतो आणि मधूनच कुठूनतरी दहा मिनिटं बघतो. ट्रेलरमध्ये स्फोट असतात, मधल्या दहा मिनिटांत खरा गेम असतो. किती लांबीचा आहे ते हाऊ लाँग टू बीट या साइटवर मिळतं, तिथला आकडा आपल्यासारख्या कामावरून येणाऱ्यांनी दीडपट धरावा.

आणि सगळ्यात मोठं हत्यार, परतावा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. मी हे दोन तास एकदा कसे घालवले ते ऐका. नवीन गेम, रविवारची दुपार, शाळेपासूनचा मित्र शेजारी खुर्ची टाकून बसलेला. गेमने सुरुवातीलाच स्वतःचा चेहरा बनवायला सांगितला. कपाळ, भुवया, नाकाचा शेंडा, एकेक पट्टी सरकवत मी बसलो. आधी तो चेहरा आमच्या साहेबांसारखा झाला, मग कुणाच्यातरी सासऱ्यासारखा. मित्राने दोनदा चहा घेतला आणि म्हणाला, "का बे, एवढे पैसे घालून अजून गालाचं हाडच करालास? लढाई कधी करणारास?" लढाई आली तेव्हा घड्याळात एक तास दहा मिनिटं झालेली. मग कळलं की लढाई मला झेपतच नाही, पण 'अजून जरा बघू' करत दोन तास ओलांडले. चूक माझीच. आता नवीन गेम घेतला की मोबाइलवर ९० मिनिटांचा गजर लावतो, चेहरा आहे तो चालवून घेतो आणि गजर वाजला की स्वतःला विचारतो, उद्या हा उघडावासा वाटेल का? उत्तर द्यायला वेळ लागला की परत. मात्र प्लेस्टेशनच्या दुकानात ही मुभा नाही, तिथे डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे पैसे विसरायचे.

ही ९० मिनिटं लॅपटॉपचीही परीक्षा असतात. गेमच्या पानावर कसा लॅपटॉप लागेल ते 'मिनिमम' म्हणून लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गेम चालू होईल, एवढाच. त्यात आमचा एप्रिल-मे म्हणजे बाहेर ४२-४३ डिग्री. लॅपटॉप तापला की चिप स्वतःच वेग कमी करते, पंखा यंत्रमागासारखा ओरडतो आणि सकाळी लोण्यासारखा चाललेला गेम दुपारी अडखळतो. उन्हाळ्यात जड गेम घेतला तर ती चाचणी दुपारी तीनला घ्या. नाहीतर फ्रेम सेकंदाला ३० वर बांधा आणि दोन डायमेंशनवाले गेम खेळा, आमच्याकडे मे महिना असाच जातो.

फुटबॉल-क्रिकेटचे दरवर्षी येणारे गेम तीन-चार वर्षांतून एकदा घेतले तरी पुरतात. ज्या गेममध्ये विकत घेतल्यावर पुन्हा आत पेट्या नि पत्ते विकत घ्यायचे असतात, त्यांची किंमत बाहेर लिहिलेली नसतेच. एका ओळखीच्या मुलाने त्यात पगार घातलाय, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. फक्त ऑनलाइन चालणारा गेम घेताना हेही लक्षात असू द्या की सर्व्हर बंद तर गेम बंद. युबीसॉफ्टने द क्रूचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना.

फुकटचं म्हणाल तर एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान दर गुरुवारी गेम देतं, २०२० च्या मे महिन्यात जीटीए ५ सुद्धा दिला होता. घ्या जरूर, पण त्यांना '९९९९ इन १'च समजा. त्यापेक्षा डेमो बघा. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये स्टीमचा नेक्स्ट फेस्ट असतो, शेकडो डेमो फुकट. माझी आवड काय आहे हे मला रिव्ह्यूंपेक्षा डेमोंनी जास्त शिकवलं. आणि आपल्याकडचं काही बघायचं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी, २०२० चा आहे. पाच-सहा तासांत संपतो. लढाई जरा कच्ची वाटली मला, पण राजस्थानी वाड्यांसारख्या त्या वास्तू बघायला मी मुद्दाम सावकाश चाललो.

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्याचे हजार तसेच ठेवले असते. त्या १३ पैकी सगळ्यात छोटा कुठला ते बघा, तो लावा, ९० मिनिटं. नाही जमला तर अनइन्स्टॉल करा आणि पुढचा लावा. आणि जे २ गेम तुम्ही खरंच खेळलात त्यांची नावं आणि लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड खाली लिहा, मग पुढचा कुठला घ्यायचा ते नावानिशी सांगतो. उत्तर यायला उशीर झाला तर समजून घ्या, आज आमच्याकडे पाण्याची रात्र आहे.