वाचक विचारतात : वाइनची द्राक्षं लावू का?

प्रश्न (निफाड तालुक्यातून) : नमस्कार सर. दोन एकर थॉमसन (खायची बिनबियांची द्राक्षं) आहे, अवकाळीने पार वाट लावली, वर व्यापारी पैसे बुडवून गेला. मेव्हणा म्हणतो वाइनची द्राक्षं लाव, खर्च कमी, भाव आधीच ठरलेला, आणि वाइनचं मार्केट पण वाढतंय. काय करू?

उत्तर : मेव्हण्याचं अर्धं बरोबर आहे दादा. वाइनच्या बागेत जीएचं (मणी वाढवणाऱ्या संजीवकाचं) डिपिंग, म्हणजे घड बुडवणं नाही, थिनिंगला (मणी विरळ करायला) मजूर शोधत फिरायचं नाही, मणी फुगवायचा तर अजिबात नाही, उलट बारीक मणी आणि जाड साल हवी कारण रेड वाइनचा रंग सालीतूनच येतो. पण डाउनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांना बाग वाइनची आहे याचं काय, फवारण्या चुकत नाहीत. आणि माल मुद्दाम कमी धरावा लागतो, एकरी चार-पाच टनांच्या आसपास, जास्त सोडला की साखर भरत नाही. वायनरीचा (वाइन बनवणाऱ्या कारखान्याचा) माणूस रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायचं यंत्र घेऊनच प्लॉटमध्ये उतरतो, चार ठिकाणचे मणी तोडतो, रसाचा थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरतो, त्याला 22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) हवं असेल आणि 20 निघालं तर म्हणतो अजून आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत पाऊस आला तर तो तुमच्या नशिबाचा, त्याच्या नाही.

आता उरलेलं अर्धं. थॉमसन एका व्यापाऱ्याने सोडला तर भाव पाडून का होईना दुसरा घेतो, अगदीच काही नाही तर बेदाणा करता येतो. शिराझ किंवा कॅबरने ही वाइनची द्राक्षं कुठे नेणार? आत बिया, साल जाड, हातगाडीवर कोणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी, आणि तिने हात वर केले की संपलं.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये, नाशिकने हे बघितलेलं आहे. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वाइनवरची एक्साइज (उत्पादन शुल्क) माफ झाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, मग ज्याला त्याला वायनरी काढायची होती, कित्येक बागायतदारांनी कर्ज काढून टाक्या बसवल्या, पण बाटली विकणार कोण हा विचार फार कमी जणांनी केला. 2008 ला मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आधीचीच वाइन टाक्यांत पडून, मग नवीन द्राक्षं घेणार कोण? लोकांनी उभ्या बागा तोडल्या. नारायणगावची इंडेज म्हणजे ऐंशीच्या दशकात स्पार्कलिंग (फेसाळणारी) वाइन परदेशात पाठवणारी कंपनी, तीसुद्धा त्यानंतर बुडाली.

मार्केट वाढलं हे खरंच आहे. नाशिकची वाइन कंपनी सुला डिसेंबर 2022 ला शेअर बाजारात आली, अकलूजला फ्रातेल्लीची वायनरी आहे, दिंडोरीत शांदोंची. पण आपल्याकडे दरडोई वर्षाला काही चमचेच वाइन प्यायली जाते, त्यामुळे वाढीचे आकडे पेपरात मोठे दिसतात आणि द्राक्षं उचलणारे मोठे हात मोजकेच राहतात. म्हणून आधी करार, मग छाटणीची कात्री. किती वर्षांचा, कुठल्या ब्रिक्सला काय भाव, काढणीची तारीख कोण ठरवणार, माल नाकारला तर काय, पैसे किती दिवसांत, सगळं कागदावर घ्या, आणि व्हरायटी वायनरी सांगेल तीच लावा. तोंडी शब्दावर थॉमसन उपटायचा नाही, मेव्हणा कितीही म्हणाला तरी.

प्रश्न (ठाणे) : सुपरमार्केटमध्ये वाइन मिळणार होती, त्याचं काय झालं?

उत्तर : काही नाही झालं. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, मोठ्या दुकानात वेगळ्या कपाटात ठेवायची असं ठरलं, भाजपने टीका केली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, मग लोकांच्या हरकती मागवू म्हणाले, जूनमध्ये सरकारच बदललं आणि विषय बारगळला. माझं मत विचाराल तर छोट्या वायनरीला त्या कपाटाचा खरा फायदा झाला असता, कारण वाइन शॉपमध्ये व्हिस्की-बिअरच्या गर्दीत नवीन लेबलला जागाच मिळत नाही. तरी घराजवळ दारू नको म्हणणाऱ्या बायकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, गावागावात त्यांनी काय भोगलंय ते माहितीये.

प्रश्न (पुणे) : ऑस्ट्रेलियाची वाइन स्वस्त झाली तर आपली संपणार का?

उत्तर : लगेच नाही. परदेशी वाइनवर 150 टक्के ड्यूटी होती, ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार डिसेंबर 2022 ला लागू झाल्यापासून ती टप्प्याटप्प्याने उतरतेय, पण सवलत बाटलीमागे 5 डॉलरच्या वरच्या मालालाच आहे. म्हणजे आपल्या स्वस्त वाइनला धक्का नाही, महागड्या रिझर्व्ह (उंची) वाइनवाल्यांना घाम फुटेल. शिवाय महाराष्ट्रात इथल्या द्राक्षांच्या वाइनवर 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के वायनरीला परत मिळतो, तो आधार मोठा आहे. खरी डोकेदुखी दुसऱ्या राज्यात माल पाठवताना होते, प्रत्येक राज्याची लेबल फी वेगळी, कर वेगळा, त्यात छोटा माणूस दमतो.

प्रश्न (पुणे, त्याच पत्रात) : उघडलेली बाटली किती दिवस चालते?

उत्तर : बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, रेड असली तरी फ्रीजमध्येच. आंबट वास यायला लागला की ओतून द्या.