सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

"मॅडम, तीन डॉक्टर झाले. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली. सगळं नॉर्मल. आता तुम्हीच विचारा हिला, खरंच दुखतं का शाळा बुडवायला नाटक करते."

मी मुलांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. मुलं बदलतात, दुखणं बदलतं. कुणाचं डोकं, कुणाचं पोट, कुणाची छाती. शेवटचा शब्द तोच, नाटक. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला सायली म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईला विचारलंय.

सायली तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. कुटुंब मूळचं येवल्याकडचं. कोरडवाहू शेत, त्यात कांद्याने दोनदा मार दिला, म्हणून चार वर्षांपूर्वी नाशिकला आले. अंबडच्या बाजूला दहा बाय बाराची खोली. वडील कंत्राटावर फिटर, आई एका कंपनीत पॅकिंगला, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. दिवाळीपासून सायलीचं पोट दुखायला लागलं. बेंबीभोवती कळ, सकाळी जास्त. आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडायची. आजीने अंगारा लावला, वणीला नवस बोलून झाला. वडिलांचं निदान एका शब्दात तयार होतं, मोबाईल.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या दोन भेटी मी परीक्षेचं टेन्शन शोधण्यात घालवल्या. वर्गात कुणी चिडवतं का, घरात भांडणं होतात का, हेही विचारून झालं. तिला श्वासाचा व्यायाम शिकवला. गुणी मुलगी, तिने तो मन लावून केला. पोट दुखतच राहिलं. पहिल्याच दिवशी आई उठता उठता म्हणाली होती, "पाणी म्हणून पीत नाही. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच परत येते." मी वहीत टिपलं, आणि पान उलटलं.

तिसऱ्या भेटीत मी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला. "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस ते लिही. कसं वाटलं ते नको, नुसतं काय केलंस." तिने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेली पहिली ओळ अशी होती: 4.45 उठले, नंबर लावला.

मला वाटलं पाण्याचा नंबर. तर नाही, संडासचा. आठ खोल्यांना मिळून दोन संडास. डबा ठेवून नंबर लावायचा. "पण आधी काका लोक जातात. त्यांची कंपनीची गाडी असते." मग तुझा नंबर कधी लागतो? ती खांदे उडवून हसली. साडेसहाला शाळेसाठी निघावं लागतं, त्यामुळे बऱ्याचदा डबा तसाच परत येतो. आईला मी नंतर विचारलं तेव्हा ती ठामपणे म्हणाली होती, "जाते की रोज." बरोबरच आहे. आई तिला रोज डबा घेऊन जाताना बघत होती.

शाळेत? मुलींसाठी दोन संडास. एकाला नळ नाही, दुसऱ्याची आतली कडी तुटलेली. कुणीतरी बाहेरून दार धरून उभं राहायचं, अशी मुलींनीच सोय लावलेली. सायलीचं दार धरणारी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांबरोबर गावी गेली ती परतलीच नाही. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटायची. मग सोपा उपाय काय? पाणीच प्यायचं नाही. पाळी आली की सरळ घरीच राहायचं. दुपारी घरी आल्यावर तिथले संडास रिकामे असतात खरे, पण समोर गाड्यांवर पोरं बसलेली असतात, आणि भावाला एकटं सोडता येत नाही.

म्हणजे ही मुलगी रोज पहाटेपासून संध्याकाळी आई येईपर्यंत शौच आणि लघवी दाबून धरत होती. तीन महिने.

यातून पोट दुखायला मनाचा वेगळा रोग लागत नाही. मोठ्या आतड्यात मळ जितका जास्त थांबतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. खडा होतो. पुढच्या वेळी जाताना दुखतं, म्हणून मूल आणखी धरून ठेवतं. हळूहळू आतडं ताणलं जातं आणि जायची जाणीवच बोथट होते. वर काही खाल्लं की आतडं हलतं आणि कळ येते. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, त्यात पाणी कमी, म्हणून लघवीला जळजळ. सोनोग्राफीत यातलं बहुतेक काही दिसत नाही. तिच्या रिपोर्टमध्ये 'गॅस जास्त' एवढंच होतं.

आणि ते 'सगळं नॉर्मल' रक्त? मी कागद मागून घेतला. हिमोग्लोबिन 9.8. या वयाच्या मुलीला 12 तरी हवं. कुणीतरी टॉनिक लिहून दिलं होतं, ते संपल्यावर विषयही संपला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे 59 जणींना रक्तक्षय आढळला होता. मुलीचं रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की डोळा ते नॉर्मल म्हणूनच वाचतो. सायलीच्या कागदावर सकाळचं खाणं होतं चहा-खारी. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती उपाशीपोटी घ्यायची, मळमळायचं, म्हणून हळूच टाकून द्यायची. झोप पावणेबारा ते पावणेपाच, कारण वडील सेकंड शिफ्ट करून साडेअकराला येतात, जेवतात, आणि खोलीत दिवा एकच. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तिला पाच मिळत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने 2008 साली मोठा अहवाल दिला. मायकेल मार्मट त्याचे अध्यक्ष होते. माणूस जिथे जन्मतो, वाढतो, राहतो, काम करतो, म्हातारा होतो, त्या परिस्थितीवर त्याचं आरोग्य ठरतं, असं त्याचं सार. शिकताना मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं, गुणही मिळाले होते. पण समोर बाटली भरलेली परत येत होती आणि मी पोरीला श्वास मोजायला लावत होते.

हे फक्त एका खोलीतल्या संसारांचं आहे असं नका समजू. त्याच महिन्यात कॉलेज रोडकडचा एक मुलगा आला होता, ॲसिडिटी आणि डोकेदुखी घेऊन. घरात चार बाथरूम. पण सकाळी सहाला क्लास, मग कॉलेज, मग क्लास, जेवण रात्री साडेदहाला, खेळ शून्य. त्याचाही कागद असाच बोलका निघाला. फरक एवढाच की त्याच्या घरच्यांच्या हातात वेळापत्रक बदलणं होतं.

सायलीच्या वडिलांना मी पुढच्या सुट्टीच्या दिवशी बोलावलं. ते तयारीनेच आले होते, मोबाईल कसा काढून घ्यावा ते विचारायला. मी तिच्या परवानगीने तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वाचला. 'काका लोक' या शब्दांवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मॅडम, फर्स्ट शिफ्ट असली की मीपण त्याच लायनीत असतो. मागे पोरी उभ्या असतात ते दिसतं हो. पण गाडी चुकली तर खाडा लागतो. आणि आमचं कंत्राट, कधी ब्रेक देतील सांगता येत नाही." त्यांच्यावर रागवायचं ठरवून बसले होते मी, ते राहूनच गेलं.

पुढचं भराभर सांगते. बालरोगतज्ज्ञांनी पोट हाताने तपासलं आणि डाव्या बाजूला मळ साठल्याचं त्यांच्या बोटांना लागलं. मळ मऊ करणारं औषध काही महिने चालू ठेवायला सांगितलं. आठवड्यात बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही, ही ताकीद तीनदा दिली, कारण बहुतेक घरं तिथेच चुकतात. लोहाची गोळी रोज, जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या वरणभाताबरोबर. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नाही. लोहाने शौचाला कडक होऊ शकतं, म्हणून दोन्ही औषधांचा मेळ डॉक्टरांनीच घातला.

शाळेत मी आईबरोबर गेले. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. सफाईच्या मावशी सोडून गेलेल्या, दुरुस्तीचा अर्ज कुठेतरी पडलेला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह लिहिलेलं आहे, आणि ते या शाळेत होतंच. मोजणीच्या फॉर्ममध्ये 'आहे' असंच भरलं जात असणार. दार लागतं का, हा रकाना कुणी ठेवणार? शेवटी सायलीचे बाबा एका शनिवारी दुपारी 90 रुपयांची कडी आणि स्वतःचा ड्रिल घेऊन गेले आणि बसवून आले. छान वाटलं. पण शाळेची कडी बसवायला मुलीच्या बापाला सुट्टी घालवावी लागते, हे मला आजही छान वाटत नाही.

चाळीत त्यांनी बाकीच्या भाडेकरूंशी बोलून पाच ते साडेपाच एक संडास बायका-मुलींसाठी ठेवायचं ठरवलं. महिनाभर पाळलं. मग नवीन भाडेकरू आले आणि पुन्हा ओढाताण सुरू झाली. तरी आठवड्यातले तीन-चार दिवस जमतं.

तुमच्याही घरी असं मूल असेल तर दोन गोष्टी. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप किंवा सारखी उलटी असेल, दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, किंवा कळ उजवीकडे खाली सरकली असेल, तर माझ्याकडे नका येऊ, आधी डॉक्टरांकडे न्या. यातलं काही नसेल आणि तपासण्याही झाल्या असतील, तर तो कागद करून बघा. मुलाला एकटं बसवून, ओरडा पडणार नाही अशी खात्री देऊन. खाणं, झोप, संडास, रस्ता, घरातलं काम, खेळ, सगळं वेळेसकट. खासगीत जायला पैसे नसतील तर सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे विचारा. मन फार जड झालं असेल तर 14416 हा सरकारी मानसिक आरोग्याचा मोफत नंबर आहे, त्यावर मूल स्वतःही बोलू शकतं. आणि 'नाटक' हा शब्द निदान मुलासमोर नको. नाटक म्हटल्यावर सायलीने तीन महिने कडीबद्दल तोंड उघडलं नव्हतं.

तीन महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन 11.2 झालं. शाळा अजून अधूनमधून बुडते, पण पोटासाठी नाही. भावाला ताप आला की तीच घरी राहते. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. आई खाडा करू शकत नाही.

शेवटच्या भेटीत बाटली तिच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात होती, अर्धी. मी बघितलेलं तिने बघितलं आणि हसली. मग दाराशी जाऊन परत वळली.

"मॅडम, शाळेतल्या दुसऱ्या संडासला अजून नळ नाहीये. सातवीच्या मुली आमच्याच लायनीत येतात. कुणाला सांगायचं?"

मी तिच्यापुढे नवा कागद सरकवला. तिने दप्तरातून पेन्सिल काढली आणि वर मुख्याध्यापिकांचं नाव लिहायला घेतलं.