सॉफ्टवेअर टीमने अजाइल सुरू करायचं तर नेमकं काय करायचं?

सगळं आधी ठरवून वर्षभराने एकदम हातात ठेवण्याऐवजी थोडं थोडं चालतं सॉफ्टवेअर द्यायचं आणि वापरणाऱ्यांचं ऐकून पुढचं ठरवायचं, हे अजाइल. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यात ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं आहेत. रोजची कार्यपद्धती मात्र त्यात नाही, ती स्क्रम (ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत काम) किंवा कानबान (फेऱ्या न पाडता, एका वेळी हातात किती कामं यावर मर्यादा) यांसारख्या पद्धतींमधून घ्यावी लागते.

नवी टीम असेल तर स्क्रम घ्या, २ आठवड्यांचे स्प्रिंट (म्हणजे कामाच्या फेऱ्या) ठेवा. माणसं १० पर्यंत. बॅकलॉगचा (करायच्या कामांच्या यादीचा) क्रम लावणारा प्रॉडक्ट ओनर एकच हवा. दोघे असले की रोज भांडण. स्प्रिंटच्या सुरुवातीला प्लॅनिंग (४ तासांत उरका), रोज १५ मिनिटांची डेली बैठक, शेवटी रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं) आणि रेट्रो (कामाची पद्धत कशी सुधारायची ते बोलणं).

गाडी बहुतेकदा अडते ती 'झालं' या शब्दावर. कोड लिहिला की काम झालं असं धरलं, तर टेस्टिंग पुढच्या स्प्रिंटवर ढकललं जातं आणि अर्धवट कामांचा ढीग साचतो. म्हणून कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं), टेस्ट आणि मर्ज (मुख्य कोडमध्ये मिसळणं) एवढं तरी 'झालं'च्या व्याख्येत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

स्टोरी पॉइंटवरून (काम किती मोठं याचा टीमने लावलेला अंदाजी आकडा) दोन टीमची तुलना करू नका. तुलना केली की आकडे फुगतात, काम तेवढंच राहतं.