माझ्या मराठी संकेतस्थळाला इतर संकेतस्थळांकडून दुवे कसे मिळवावेत?

किल्ल्यांविषयीच्या तुमच्या संकेतस्थळावर ४० लेख असूनही बाहेरून दुवे येत नाहीत, आणि पैसे घेऊन ५०० बॅकलिंक देणाऱ्याला होकार द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया देऊ नका. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या पेजरँकचा, म्हणजे शोधात पाने क्रमाने लावण्याच्या गूगलच्या पद्धतीचा, पायाच असा होता की दुवा ही शिफारस असते आणि शिफारस करणाऱ्या पानाचे वजन तिला लाभते. विकतच्या दुव्यांमागे असे वजन नसते. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने आपल्या शोधक्रमवारीत पेंग्विन हा बदल आणला, तो अशाच बनावट दुव्यांना आळा घालण्यासाठी.

मीही सह्याद्रीतील भटकंतीविषयी एक छोटे संकेतस्थळ चालवतो. पहिली दोन वर्षे मी गडांचा इतिहास लिहिला. परंतु तो इतरत्रही वाचायला मिळत असल्याने माझ्याच पानाचा दुवा देण्याचे कोणाला कारण नव्हते. नंतर मी राजगडासाठी गुंजवणे, तोरण्यासाठी वेल्हे अशा पायथ्याच्या गावांच्या एसटीचा तक्ता केला. थांब्यावर उतरल्यावर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, ती पावसाळ्यात गावापर्यंत येते की अलीकडच्या फाट्यावरूनच वळते, हे वाहकांना विचारून वहीत टिपले आणि तक्त्याच्या वर पडताळणीची तारीख घातली. ट्रेक नेणाऱ्या मंडळांना ही माहिती दर खेपेस नव्याने सांगावी लागत असे. त्यांनी ती पुन्हा लिहिण्याऐवजी माझ्या पानाचा दुवा दिला. मागितल्याशिवाय आलेले ते माझे पहिले दुवे होत.

तुम्ही स्वतः गडांवर जाता, तर कोणत्या टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, याची नोंद करा. त्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते, म्हणूनच ती नक्कल करून मिळत नाही.

याच्या जोडीला हातचे दुवे सांभाळा. संकेतस्थळाची रचना बदलताना जुन्या पत्त्यांना ३०१ पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना) न दिल्यास आलेला वाचक ४०४ वर, म्हणजे ‘पान सापडले नाही’ या संदेशावर आदळतो. सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनातील अहवालात अशी पाने सापडतात. विकिपीडियावर स्वतःचे दुवे पेरत बसू नका, कारण तेथील बाह्य दुव्यांना नोफॉलो (हा दुवा शिफारस म्हणून धरू नये, अशी शोधयंत्रासाठीची खूण) असते आणि संपादक ते काढूनही टाकतात.

बंद पडलेल्या संकेतस्थळांचे दुवे मात्र अनेक जुन्या मराठी पानांवर अजून तसेच आहेत. असे पान आढळले की त्याच्या चालकाला तीन-चार ओळींचे पत्र लिहा: कोणत्या परिच्छेदातील कोणता दुवा तुटला आहे ते आधी सांगा, आणि तुमचे पान खरोखरच त्या जागी बसत असेल तरच त्याचा पत्ता शेवटी द्या.