आकडा बरोबर, पण गाव कोणाचं?
वाचकांचे प्रश्न : रेडिओ आणि स्कॅनर

मागच्या अंकात स्कॅनर (एकामागून एक चॅनल चाळत ऐकवणारा रेडिओ) आणि फ्रिक्वेन्सी गाइड (कोण कोणत्या आकड्यावर लागतं त्याची यादी) याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजचा ढीगच लागला. सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यात चारचौघांचा प्रश्न येऊन जातो अशी पाच पत्रं घेतलीत. बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न (रावेरहून एक वाचक) : भाऊ, माझ्या मामेभावाने अमेरिकेहून येताना एक जुना हँडहेल्ड स्कॅनर आणला, सोबत फ्रिक्वेन्सीचं हे जाड गाइड. दोन रात्री जागून मी २०० चॅनल भरले. हवामानाचे, रेल्वेचे, काय काय. तर नुसतं खर्र्र. स्कॅनर खराब आहे का गाइड खोटं आहे?

उत्तर : दोन्ही चांगले आहेत दादा, फक्त दोघांचं गाव वेगळंय. तुमचं गाइड अमेरिकेचं आणि तुम्ही बसलात केळीच्या बागेत. जगाचे रेडिओसाठी तीन भाग पाडलेत, ढोबळमानाने युरोप-आफ्रिका पहिला, अमेरिका खंड दुसरा आणि आपण तिसऱ्यात, आणि एकच आकडा तिकडे एकाला दिलेला असतो तर इकडे भलत्यालाच. तिकडे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये सात चॅनल आहेत, चोवीस तास हवामान सांगतात. मी पण नवीन होतो तेव्हा असंच एक पुस्तक मिळालेलं, तीन रात्री १६२.५५० लावून कान देऊन बसलो होतो, बाहेर धो धो पाऊस आणि मी रेडिओत हवामान शोधतोय. शेवटी बायकोने खिडकी उघडली आणि म्हणाली हे घ्या तुमचं हवामान.

मग भारताचं गाइड कोणतं, तर दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखडा काढते. पण तो हातात घेऊन लोक निराश होतात, कारण त्यात एकेक स्टेशन नाही, पट्टे आहेत, म्हणजे अमुक ते अमुक आकडे अमुक कामाला. तो सातबारा आहे, टेलिफोन डिरेक्टरी नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं, आज घरात कोण आहे ते नाही कळत. पण माझं म्हणणं, आधी सातबाराच बघावा, कारण त्यावरून तुमच्या त्या २०० पैकी किती आकडे इथे मुळातच लागू नाहीत ते एका संध्याकाळी उडवता येतं.

दुसरी गोष्ट, आकड्याच्या शेजारचे रकाने. सगळे जण आकडा टाइप करतात आणि पुढचं वाचतच नाहीत. मोड, म्हणजे आवाज लहरीवर कसा चढवलाय, काय लिहिलाय, एएम का नॅरो एफएम, स्टेप, म्हणजे दोन चॅनलमधलं अंतर, किती, २५ का १२.५ किलोहर्ट्झ, टोन, म्हणजे सेट उघडायला सोबत पाठवलेला बारीक सूर, आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही नोंद कधी तपासलेली आहे. मोड चुकला तर आकडा शंभर टक्के बरोबर असूनही तुम्हाला कोणीतरी तोंडात बोळा घालून बोलतंय असं वाटेल. विमानांचंच बघा, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, जगभर एएम. लोक विचारतात इतकं जुनं तंत्र का ठेवलंय, तर एफएममध्ये दोघं एकदम बोलले की जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो, कळत पण नाही की दुसरा कोणी होता. एएममध्ये शिट्टीसारखा आवाज येतो, मग कंट्रोलरला समजतं की दोन विमानं एकदम बोललीत. हे फक्त रकाना समजावा म्हणून सांगितलं, ऐकायला बसा म्हणून नाही, ते का ते खाली भुसावळवाल्यांच्या उत्तरात वाचा. तुम्ही पण वाचा, हातात स्कॅनर आहे म्हणजे ते उत्तर तुमच्यासाठी पण आहे.

प्रश्न (अमळनेरहून एक शिक्षिका) : आमच्या आठवीच्या मुलांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज ऐकवायचाय. यादीत १४५.८०० असं दिलंय आणि वेळ ०१३० यूटीसी. आता रात्री दीड वाजता पोरं कशी गोळा करू? पालक मारतील मला.

उत्तर : ताई, पालकांना काही सांगू नका, रात्रीचं काही नाही. यूटीसी म्हणजे जगभराची सामायिक वेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे ते सकाळी सातला आहे. गाइडातल्या जवळजवळ सगळ्या वेळा यूटीसीत असतात, आणि तारखेकडे पण लक्ष ठेवा, २००० यूटीसी म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे दीड. या साडेपाच तासांनी भल्याभल्यांना फसवलंय.

१४५.८०० मेगाहर्ट्झ नॅरो एफएम, हा आकडा पक्का आहे. पण आकडा पक्का आहे म्हणून आवाज येईलच असं नाही. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि तुमच्या आकाशात जास्तीत जास्त दहा मिनिटं असतं, त्यामुळे अमळनेरवरून ते कधी जाणार ते मोबाईलच्या ॲपवर तुमचं गाव टाकून बघा, छापील यादीतली वेळ दुसऱ्याच शहराची असू शकते. आणि अंतराळवीर काही सारखे बोलत नसतात, त्यांना कामं असतात. अधूनमधून तिथून चित्रं पाठवतात, एसएसटीव्ही म्हणतात त्याला, त्याची तारीख आधी जाहीर होते. मुलांसाठी ते भारी, कारण रेडिओतून येणारा किर्र किर्र आवाज मोबाईलला ऐकवला की स्क्रीनवर चित्र ओळ ओळ करत उतरतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा गार झाला होता.

गाइडात न छापलेली एक गोष्ट आहे ताई, डॉपलर. रेल्वे फाटकाजवळ उभं राहिलं की गाडी येताना हॉर्न वेगळा वाटतो आणि गेल्यावर वेगळा, तसंच. स्थानक येताना फ्रिक्वेन्सी साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर असते, जाताना तितकीच खाली. आवाज ऐकायला १४५.८०० वर ठेवलं तरी चालतं, पण तुमच्या सेटमध्ये बारीक स्टेप असेल तर सुरुवातीला थोडं वर, डोक्यावर आलं की बरोबर, आणि जाताना थोडं खाली असं सरकवा, चित्र स्वच्छ येईल. आठवीला आवाजाचा धडा असतोच, तिथे जोडून टाका.

अँटेना विकत घेऊ नका, साध्या तारेची घरीच करा. तरंगाची लांबी मीटरमध्ये काढायला ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं, म्हणजे दोन मीटर आणि वर थोडं, त्याचा पाव भाग म्हणजे ५१ सेंटिमीटर, आणि तारेत किंचित कमी लागतं म्हणून ४९ वर कापायची. शाळेच्या पत्र्याखाली उभं राहू नका, मैदानात या. आणि एखाद्या परवानाधारक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला बोलवा, सेट त्याचा असेल म्हणजे कायद्याचा प्रश्न राहत नाही. कोणी नाही मिळालं तर मला कळवा, मी येतो. भरीत आणि कळण्याची पुरी असेल तर दोनदा येतो.

प्रश्न (भुसावळहून एक वाचक) : तुमच्याकडे इतकी माहिती आहे तर पोलिसांच्या आणि रेल्वेच्या वॉकीटॉकीच्या फ्रिक्वेन्सी एकदा छापून टाका ना. इंटरनेटवर कुठे कुठे आहेतच की.

उत्तर : नाही.

आता कारण. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लोक घरी बसून हे ऐकतात म्हणून तिकडच्या गाइडांमध्ये ते भरलेलं असतं, ते बघून आपल्याला वाटतं चालत असेल. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून नुसतं असं यंत्र बाळगायला पण परवाना लागतो, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दोन कोटी, भाऊ. आकडा कुठेतरी छापलेला आहे म्हणजे ऐकायची परवानगी आहे असं होत नाही, शेजाऱ्याचा पत्ता मतदार यादीत आहे म्हणून आपण त्याच्या खिडकीला कान लावत नाही. आणि तुम्ही भुसावळचे, इतकं मोठं जंक्शन तुमच्या दाराशी, तिथे गार्ड आणि ड्रायव्हर काय बोलतात त्यावर गाड्या चालतात. कोणी हौसेने चुकून बटण दाबलं तर काय होईल याचा विचार करा.

हौस आहे ना, मग सरळ रस्ता धरा. हॅमची परीक्षा द्या, बारा वर्षांच्या पोरालाही देता येते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या पायरीच्या परवान्याला, मोर्स (तारेची कट्ट-कडकट्ट भाषा) पण नाही. परवाना मिळाला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये ऐका पण आणि बोला पण. शेतात दोन भावांनी आपसात बोलायला वॉकीटॉकी हवा असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट विनापरवाना चालतात, पण घेताना डब्यावर फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी लिहिलेली आहे का ते बघा, ऑनलाइन वाट्टेल ते विकलं जात होतं म्हणून २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यावर वेगळे नियम काढावे लागले.

प्रश्न (शहाद्याहून, वय ७४) : माझ्याकडे शॉर्टवेव्ह स्टेशनांचं १९९० च्या सुमाराचं गाइड आहे, पानं पिवळी पडली. नातू म्हणतो रद्दीत टाका, आता सगळं नेटवर आहे. टाकू का?

उत्तर : आबा, अजिबात टाकू नका. पण नातू अर्धा खरा आहे. स्टेशनांची नावं आणि वेळा आता फारशा उपयोगाच्या नाहीत, तुम्ही ज्या बीबीसी हिंदीसाठी सेट लावत असाल ती शॉर्टवेव्हवरून ३१ जानेवारी २०२० ला बंदच झाली. पण पट्टे तेच आहेत, ३१ मीटर आजही ३१ मीटर आहे, आणि दिवसा जास्त मेगाहर्ट्झचे पट्टे चालतात, रात्री कमीचे, हे तुमच्या पुस्तकात लिहिलेलं सूर्य आहे तोवर बदलत नाही. ते प्रकरण फाडून नातवाला वाचायला द्या.

आणि नेटवर आहे म्हणजे ताजं आहे हे पण त्याला कोणी सांगितलं? नोआ नावाचे तीन अमेरिकन हवामान उपग्रह होते, १५, १८ आणि १९, १३७ मेगाहर्ट्झवर ढगांची चित्रं पाठवायचे, कॉलेजची पोरं साध्या तारेने पकडायची. तिन्ही २०२५ मध्ये बंद केले, तरी कितीतरी याद्यांमध्ये ते अजून चालूच आहेत. छापील असो की नेटवरचं, नोंदीची तारीख नसेल तर मी त्या ओळीवर भरवसा ठेवत नाही.

मी काय करतो सांगतो. गाइडच्या समासात पेन्सिलीने लिहितो, स्वतः ऐकलं तर बरोबरची खूण, तारीख, वेळ, आवाज कसा होता. नाही ऐकू आलं तर गोल, पण खोडत नाही, कारण तीन वेळा वेगवेगळ्या वेळी ऐकल्याशिवाय स्टेशन मेलं असं म्हणायचं नाही. सुरुवात ओळखीच्या स्टेशनापासून करा. जळगाव आकाशवाणी ९६३ किलोहर्ट्झ, म्हणजे ३११ मीटर. ते काट्यावर जिथे लागतं तिथे खूण करा म्हणजे तुमच्या सेटचा काटा किती सरकलाय ते कळेल, नाहीतर गाइड बरोबर असून आपण शेजारच्या घरात शिरतो. संध्याकाळी १० मेगाहर्ट्झवर जाऊन बघा, चीनचं वेळेचं स्टेशन दर सेकंदाला टिक टिक करतं, नातवाला घड्याळ लावायला सांगा.

एक सूचना, हे सगळं लाईट गेल्यावर करा. खोटं नाही सांगत. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर, हे सगळे रेडिओत घरघर घालतात आणि लोक गाइडला शिव्या देतात. लोडशेडिंगला आपण इतकं बोलतो पण रेडिओवाल्यांची ती दिवाळी असते. बॅटरीवरचा सेट घेऊन ओट्यावर बसा.

प्रश्न (चोपड्याहून एक वाचक) : थंडीत पहाटे माझ्या रेडिओवर एफएमची अशी स्टेशनं लागतात जी आमच्या भागाच्या यादीत नाहीतच, गुजराती पण लागतं. दुपारी गायब. यादी अपुरी आहे का?

उत्तर : यादी ठीक आहे, हवा तुमच्याशी खेळतेय. एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात जाते, म्हणून यादी करणारा जवळचीच स्टेशनं लिहितो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीजवळ गारठा आणि वर उबदार हवा असा थर बसतो, तापीच्या खोऱ्यात एका बाजूला सातपुडा असल्यावर तर चांगलाच बसतो, आणि लहर त्या थराला लागून वाकत वाकत लांब जाते. अशा वेळी आकड्यावरून स्टेशन ओळखू नका, एकच आकडा चार शहरांना दिलेला असतो, निवेदक नाव सांगेपर्यंत थांबा. जाहिराती ऐका, कुठल्या गावच्या दुकानाची आहे त्यावरून लगेच कळतं. उठायचं मात्र साडेपाचला, ऊन चढलं की थर मोडतो आणि नऊपर्यंत सगळं संपलेलं असतं.