इतिहासाच्या एम.ए.ला लघुप्रबंधाचा विषय स्वतः निवडावा, की गाईड देतील तो घ्यावा?

स्वतः निवडा. "गाईड म्हणतात, तुला झेपणार नाही," असं तुम्ही लिहिलंय. हेच मी ऐकलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

माझा विषय होता कात्रजचा नळ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी पुण्यात आलं, ते पेठांतल्या हौदांत खेळायचं. आजी लहानपणी हौदावर पाणी भरायची, तिच्याकडून ऐकलेलं डोक्यात बसलं होतं. सर म्हणाले, "नळात कसला इतिहास? पेशव्यांची प्रशासनव्यवस्था घे, आधीच्या मुलांचं तयार आहे." मी हटले नाही. सिनॉप्सिसवर, म्हणजे विषयाच्या आराखड्यावर, सही मिळाली, पण नंतर त्यांनी माझं एक पानही वाचलं नाही.

पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदांच्या संग्रहात, हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आणि माझी मोडी लिपी जेमतेम. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पहिले पंधरा दिवस दिवसाला चार ओळी लागायच्या. मग एकाच शुहूर सनाचे (जुन्या कागदांवर अरबी अंकशब्दांत लिहिलेलं साल) दोन कागद हाती आले, एक दुरुस्तीच्या मंजुरीचा, दुसरा गवंड्यांच्या मजुरीचा. इसवी सन काढायला दोन्ही सनांत 600 मिळवले आणि मंजुरीनंतर काम कित्येक महिने रखडलं, असं अख्खं प्रकरण लिहून काढलं.

शेजारी रोज एक काका बसायचे, निवृत्त, घराण्याचे कागद शोधायला आलेले. त्यांनी विचारलं, "पानिपत कोणत्या सनात?" इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे 1161. 600 मिळवले की जानेवारी 1761, बरोबर. "आणि त्याआधीचा भाऊसाहेबांचा कुंजपुऱ्याचा दसरा?" तोही 1161च, पण साल 1760! शुहूर सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. माझा मजुरीचा कागद पावसाळ्यानंतरचा होता, मंजुरीचा उन्हाळ्यातला. म्हणजे काम आधी झालं होतं आणि मंजुरी मागून आली होती. प्रकरण पुन्हा लिहिलं, रात्री जागून, आणि तेच प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण झालं.

ही चूक पकडणं गाईडचं काम होतं. तयार विषय घेतला असता तर चूक झालीच नसती हे खरं, पण मग मी एकही कागद उघडला नसता. नळात इतिहास आहे, सर. कोणी पैसे दिले, कोणाला मजुरी उशिरा मिळाली, कोणत्या पेठेला पाणी आधी पोचलं, हे प्रशासन नाही तर काय आहे?

हां, हातात एकच सेमिस्टर असेल आणि मोडी अजिबात येत नसेल, तर दफ्तरात शिरू नका. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड छापील आहेत, त्यातून विषय काढा. नोकरी सांभाळून करत असाल तर विषय एका पेठेपुरता, दहा वर्षांपुरता ठेवा. आणि सिनॉप्सिसवर सही लेखी घ्या, तोंडी होकारावर कामाला लागू नका.